झेंडा पडल्यावर

९ जानेवारी

दादा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले म्हणून नव्हे.

कामापुरतं लिहिते. क्लबच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे राहिली आहे. पट, मोहरे, घड्याळं, सगळं त्या कपाटात अडकून पडलंय. सायकलच्या दुकानावरची ती खोली अजून आहे. रविवारी माणसं येतात, रिकाम्या टेबलांभोवती बसतात, चहा पितात आणि घरी जातात. कुलूप तोडायला कोणी धजत नाही. पंचांना विचारल्याशिवाय कसं तोडायचं, असं एकमेकांना सांगतात. पंचांकडून काय उत्तर मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा किल्ली टपालाने पाठव. सोबत चिठ्ठी नको.

माझ्या नवऱ्याला पंच हे नाव तूच दिलंस. लग्न ठरलं तेव्हा मला पंचीण म्हणून चिडवायचास. माणूस दिवसभर दुकानदारांची वजनं-मापं तपासतो आणि संध्याकाळी क्लबात येऊन लोकांच्या चाली तपासतो, याला जेवताना तरी भूल पडते का ग, असं विचारायचास. आता विचार. आता घास तोंडापर्यंत मी नेते आणि तरी सांडतो.

तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. थोडं आधी आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. इतका वेळ कुठे होता तुम्ही, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, हे बुद्धिबळ खेळत होते आणि समोर माझा सख्खा भाऊ बसला होता.

सगळे म्हणतात, कोणाला कळलंच नाही. हे हातावर हनुवटी टेकून बसले होते आणि विचार करताना हे तसेच बसतात. ठीक आहे. पण तू तर समोर होतास. दोन हातांवर. आणि तू सारखा घड्याळाकडे बघत होतास, असं तिथल्या तिघांनी मला सांगितलंय. ह्यांचा वेळ संपत आला होता. इतक्या वर्षांत तू ह्यांना एकदाही हरवलं नव्हतंस. घड्याळावरचा झेंडा पडायची वाट बघत बसलास तू, आणि समोरचा माणूस कधी कलंडतोय तिकडे तुझं लक्ष नव्हतं.

दवाखान्याच्या जिन्यात तुला म्हटलं होतं की पुन्हा तोंड दाखवू नकोस. ते मी मागे घेत नाही. आणि आलास तरी हे मान वळवून तुझ्याकडे बघायचे नाहीत. शेजारी येऊन उभा राहिलास तरी नाहीत. मी ह्यांना ओळखते.

बहीण, कागदोपत्री


२ फेब्रुवारी

दादा,

किल्ली मिळाली. लिफ्टच्या ग्रीसने माखलेल्या फडक्यात गुंडाळलेली. म्हणजे नव्या गावातही लिफ्ट दुरुस्तीचंच काम मिळालं तर. चिठ्ठी नको म्हटलं तर खरोखरच एक अक्षर नाही. लहानपणी आई बाजारात तुला म्हणायची, इथेच थांब, हलू नकोस. ती आम्हाला घेऊन घरी पोचायची, तुझी आठवण यायची, आणि धावत परत गेलं तर तू त्याच खांबाला टेकून उभा. दुकानं बंद व्हायला आलेली. लोक हसायचे. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा, आज तुला गदागदा हलवावंसं वाटतं.

इकडचं सांगते. मी दुकानात जायला लागले. न जाऊन चालणार नव्हतं. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्म्याची चौकट बसवते, खालची ओळ वाचा म्हणते, आता बरं दिसतं का आधी बरं दिसत होतं ते विचारते. ह्यांना सांभाळायला एक बाई ठेवल्या आहेत. हाताला खमक्या आहेत, तोंडाला त्याहून. ह्यांचं अंग त्या कपडे धुतल्यासारखं पुसतात.

सकाळी ह्यांना पुढच्या खोलीत खुर्चीत बसवतो. टेबलावर पट ठेवतो. हे डाव्या हाताने मोहरे मांडतात. अर्धेच मांडतात. उजवीकडची घरं रिकामी राहतात आणि उरलेले मोहरे डबीतच. पण मांडतात. मग डावा हात पटावरून पुढे करतात आणि तसाच धरून ठेवतात. समोरची खुर्ची रिकामी असते. मी पाणी दिलं, चष्मा दिला, रुमाल दिला. हात मागे घेत नाहीत. दुखायला लागला की आपोआप खाली येतो. तुम्ही दोघं खेळायचात तेव्हा मी हट्टाने शिकले नाही, घरात दोन वेडे पुरेत म्हणायची. आता ह्यांना काय हवंय ते मला कळत नाही आणि त्याचा मला फार राग येतो.

तुला एकच विचारायचं आहे. त्यासाठीच हे पत्र, बाकी सगळा भरणा आहे. तुला कळलं होतं का? त्यांचं तोंड वाकडं झालेलं, हात निसटलेला, काहीतरी बिघडलंय हे तुला दिसलं होतं का, आणि दिसूनही तू बसून राहिलास का? हो किंवा नाही लिही. यावेळी चिठ्ठी पाठव. पाठव म्हणून सांगते आहे, ऐकलंस ना?


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पण काल क्लबातले टेलरमास्तर आले होते.

पंचांच्या जागी आता तेच स्पर्धा बघणार आहेत. दरवर्षीची मैत्री स्पर्धा पुन्हा सुरू करतो म्हणाले, एक घड्याळ कमी पडतंय, पंचांचं घरचं द्याल का. त्या दिवशी ह्यांचा चष्मा, मफलर आणि ते घड्याळ पिशवीत भरून मास्तरांनीच मला दवाखान्यात आणून दिलं होतं. मी ती पिशवी कपाटावर भिरकावली होती. काल खाली काढली.

घड्याळ टेबलावर ठेवलं आणि मास्तर त्याला हातच लावेनात. मीच पुढे ओढलं. दोन तबकड्या, एक तुझी, एक ह्यांची. ह्यांच्या तबकडीवरचा तांबडा झेंडा पडलेला. मी म्हटलं, दिसतंय की, ह्यांचा वेळ संपला आणि दादा जिंकला, अभिनंदन कळवा त्याला. मास्तर म्हणाले, वहिनी, काटा बघा. मोठा काटा बारावर आला की झेंडा पडतो. हा काटा पार चारच्या पुढे गेलाय. झेंडा पडल्यावरही घड्याळ चालूच राहिलं होतं.

तरी मला अर्थ लागेना. मग त्यांनी क्लबाची रीत सांगितली. झेंडा पडला हे फक्त समोरच्या खेळाडूने बोलून दाखवायचं. बघणाऱ्यांनी नाही, पंचानेही नाही. तो बोलला तर डाव त्याचा. तो बोलला नाही तर डाव चालू.

"त्याला जिंकायचंच असतं तर एक शब्द पुरे होता, वहिनी," मास्तर म्हणाले. "त्याने पंचांना वेळ दिला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं झेंडा पडलेला. आम्हाला वाटलं, काय दिलदार माणूस आहे."

मी म्हटलं, "तो एक शब्द बोलला असता तर हे मान वर करत नाहीत, हे तरी कोणाला दिसलं असतं."

मास्तरांनी खाली बघितलं. सुया टोचून टोचून त्यांच्या बोटांची टोकं निबर झाली आहेत, ती ते एकमेकांवर घासत राहिले. मग त्यांनी मला आणखी एक सांगितलं, जे मला ठाऊक होतं पण तुझ्यावरच्या रागात मी बाजूला सारलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी निवृत्त स्टेशनमास्तरांना तुझ्याशी खेळताना ठसका लागला आणि तू विचारलंस, पाणी देऊ का. त्यांचं घड्याळ चालू होतं. समोरच्याचं घड्याळ चालू असताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा नियम. पंचांनी उठून तुझा डाव काढून घेतला. सगळ्यांसमोर. स्पर्धा मैत्रीची आहे, नियम मैत्रीचे नाहीत, असं म्हणाले. महिनाभर तू आमच्या घरी फिरकला नव्हतास आणि हे जेवताना माझ्याकडे न बघता म्हणायचे, येईल, नियम कळला की येईल.

तुला नियम कळला, दादा. चांगला कळला. तो भिंतीवर ह्यांच्याच अक्षरात टांगलेला आहे, आणि हे त्याच्याखालीच बसले होते.

मी तुझ्यावर रागावले होते ते तू हावरट आहेस म्हणून. आता कळतंय की तू थोडा हावरट असतास तर बरं झालं असतं. झेंडा म्हणून ओरडला असतास, जिंकला असतास, माझा माणूस वाचला असता. तू चांगुलपणा केलास आणि सगळी खोली तुझा चांगुलपणा बघत मागे हात बांधून उभी राहिली. मला कोणाला शिव्या द्यायच्या तेच आता समजत नाही. तुला देत होते तोपर्यंत बरं चाललं होतं माझं.

जाताना मास्तरांनी ह्यांचा तो पुढे केलेला हात पाहिला. जागच्या जागी थबकले. डाव संपला की हरलेल्याने आधी हात पुढे करायचा, म्हणाले, आणि हात मिळवल्याशिवाय डाव संपत नाही. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. ह्यांनी तो झटकला. जोर नाही अंगात, पण झटकला. मग पुन्हा पुढे केला.

त्यांना मास्तरांचा हात नको आहे.


१८ मार्च

दादा,

नमस्कार. हा मनापासून आहे, मोजून घे.

जिन्यात जे बोलले ते मी मागे घेते. याहून मोठं वाक्य मला येत नाही आणि तू मागू नकोस. आपल्या घरात माफी मागायची पद्धतच नव्हती. बाबा चुकले की गप्प बसून तुझ्या सायकलच्या चाकात हवा भरून ठेवायचे. माझ्याकडे पंप नाही, म्हणून पत्र.

तू ये. दगदग करून लगेच ये असं नाही, पण फार लांबवू नकोस. डॉक्टर रक्तदाबाचं काहीतरी पुटपुटत असतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. आणि हे रोज पट मांडतात, रोज हात पुढे करतात. पंचांना डाव हरल्याचं कबूल करायचं आहे आणि कबूल करून घ्यायला समोर कोणी नाही. हसू येतं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडते. बाई विचारतात, ताई, डोळ्यांना काय झालं. मी सांगते, दुकानातली धूळ.

सकाळी आलास तर बरं. सकाळी हे पुढच्या खोलीत बसलेले असतात आणि रस्त्याकडचं दार उघडंच असतं. टेबल मी असं लावलंय की त्यांना स्वयंपाकघरात माझी लुडबुड दिसावी. मी दुकानात असले तर बाई असतील. तू सरळ आत जा.

तुला ओळखतील. नजर उत्तम आहे. चष्म्याच्या दुकानातली बाई सांगते म्हणजे खरं मान.


१२ एप्रिल

दादा,

तू येऊन गेलास.

हे मला काल कळलं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं, तेही सहज, गॅलरीतून टोपली वर ओढता ओढता. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे कोण ग आला होता, मीटर बघणारा का. निळी पँट होती म्हणाल्या. उंबऱ्याशी बराच वेळ उभा होता. हाक नाही, काही नाही. मी विचारलं, नुसता उभा? म्हणाल्या, हो, पाठीमागे हात बांधून.

तिथेच माझ्या हातातली बादली खाली ठेवली मी. डाव चालू असला की बघणाऱ्याने मागे हात बांधून उभं राहायचं, ही तुमच्या क्लबाची शिस्त. मीटर बघणारा असा उभा राहत नाही.

त्या वेळी मी दुकानात होते. बाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. हे पटावर वाकलेले होते. आणि तू तसाच उभा राहिलास, ते मान वर करतील याची वाट बघत. त्यांनी वर बघितलं नाही. तू निघून गेलास.

दादा, आता मी लिहिते ते नीट वाच. माझ्यावर चिडायचं असेल तर नंतर चीड.

त्यांना उजवीकडचं काही दिसत नाही. डोळे चांगले आहेत, पण त्या झटक्यात उजवी बाजूच पुसली गेली. दोन्ही डोळ्यांची. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते, मी ताट फिरवते तेव्हा ती त्यांना सापडते. अर्धाच पट मांडतात तो त्यामुळेच. बाकीचा पट त्यांच्यासाठी नाहीच. मी दवाखान्यातच त्यांच्या कानाजवळून बोट फिरवून बघितलं होतं. लोकांचे डोळे बघण्यात माझं आयुष्य गेलं, मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

रस्त्याकडचं दार त्यांच्या उजव्या हाताला आहे. ते टेबल मीच तसं लावलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तू शेजारी येऊन उभा राहिलास तरी ते मान वळवून बघणार नाहीत. तेव्हा मला हे ठाऊक होतं. तुला टोचावं म्हणून मी ते रागाच्या गोष्टीसारखं लिहिलं. नंतर तुला बोलावलं तेव्हा खोडायला हवं होतं. ते सोडून नजर उत्तम आहे असं लिहून बसले. माझा माणूस अर्धा झाला हे मला कागदावर उतरवायचं नव्हतं. सगळ्यांसमोर मी तो पुरा असल्यासारखी वागते, बाईंनाही ओरडते, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका म्हणून. तुझ्यासमोरही तेच नाटक केलं. तू उंबऱ्यात उभा राहून माझं पहिलं पत्र खरं ठरताना बघितलंस आणि परत फिरलास. तुझा स्वभाव मला ठाऊक होता. थांब म्हटलं की थांबणारा, नको म्हटलं की न येणारा. तरी मी असं केलं.

ते तुझ्यावर रुसलेले नव्हते. तू तिथे आहेस हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि मला वाटतं, तू दोन पावलं आत येऊन समोरच्या खुर्चीत बसला असतास तर तो हात त्याच क्षणी पुढे आला असता. कदाचित तू उभा होतास तेव्हाही तो पुढे केलेलाच असेल, रिकाम्या खुर्चीकडे. तो तुला दाराकडून दिसला असेल का? दिसला असला तरी, तुझ्याकडे न बघणाऱ्या माणसाचा हात तुझ्यासाठी आहे असं तुला वाटलं नसणार. हाताचं मी तुला लिहिलं होतं, उजव्या बाजूचं लिहिलंच नव्हतं.

परवा पुन्हा झटका आला. दवाखान्यात नेलं. यावेळी लगेच नेलं, मी आणि बाईंनी, गाडी येईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहून बोंबलत होते, सगळी गल्ली गोळा झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आणि मग दुसऱ्या दिवशी म्हणाले, घरी घेऊन जा. त्याचा अर्थ तुला सांगायला नको.

आता ते पुढच्या खोलीत नाहीत. मागच्या खोलीत पलंगावर आहेत. बसता येत नाही, त्यामुळे पट मांडत नाहीत. डोळे बहुतेक वेळ मिटलेले. पण डावा हात अजून हलतो. दुपारी मी उशाशी बसले होते तेव्हा तो चादरीवरून पुढे सरकला, बोटं उघडली, आणि तसाच थांबला. मी माझा हात दिला. झटकला नाही त्यांनी, ताकदच नाही. पण बोटं मिटली नाहीत. मी माझा हात काढून घेतला, कारण ती जागा माझी नाही.

हे पत्र तुला कधी मिळेल ठाऊक नाही. तू अजून त्याच पत्त्यावर आहेस की तिथूनही उठलास, तेही ठाऊक नाही. मास्तरांना मी सांगितलंय, तुझ्या लिफ्टच्या कंपनीत फोन करून बघा, निरोप ठेवा, वाटेल तेवढे फोन करा. क्लबातल्या भिंतीवरची ती नियमांची पाटीही उतरवा, असंही मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, पंचांना विचारल्याशिवाय? मी म्हटलं, पंचीण सांगते आहे.

तू ये. रस्त्याकडच्या दाराने येऊ नकोस. घराला वळसा घालून मागच्या बाजूने, अंगणातून स्वयंपाकघरात ये, तिथून आत आलास की त्यांच्या डाव्या हाताला निघशील. ते झोपलेले दिसले तरी थांबू नकोस. मी रडताना दिसले तरी थांबू नकोस. मागे हात बांधलेस तर मी तोडून टाकीन. डाव्या बाजूने ये, दादा, आणि पायरीपासूनच मोठ्याने बोलायला लाग.

तुझी
पंचीण